काट्यावरचे वजन आणि मैदानावरचा जीव

जुलै उजाडला की महाविद्यालयांचे वर्ग भरू लागतात आणि मैदानांवर संघनिवडीची गडबड सुरू होते. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो तोही याच दिवसांत. अक्कलकोटसारख्या सीमेवरच्या तालुक्यात तर या खेळाला दोन भाषा आहेत. चढाईला गेलेल्या मुलाला एका बाजूने मराठीत प्रोत्साहन मिळते, तर दुसऱ्या बाजूने कन्नडमध्ये. खर्च कमी, साहित्य जवळजवळ नाही आणि अंगात रग असली की खेळता येते, म्हणून ग्रामीण महाविद्यालयांनी हा खेळ जिवंत ठेवला आहे.

पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी पहिली गर्दी मॅटभोवती होत नाही. ती होते वजनकाट्याभोवती. एखादा उंचापुरा कोपरारक्षक आदल्या दुपारपासून उपाशी असतो. रात्रीपासून त्याने पाण्याचा थेंब घेतलेला नसतो. अंगात दोन टी-शर्ट आणि वर रेनकोट चढवून तो पहाटेपासून मैदानाला फेऱ्या मारत असतो. काट्यावर उभा राहतो तेव्हा तीनशे ग्रॅम जास्त भरतात. "अजून दोन फेऱ्या मार," असे त्याला कोणीतरी सांगते. तो पुन्हा पळतो, थुंकत राहतो आणि अर्ध्या तासाने 'वजनात बसतो'. मित्र पाठ थोपटतात. दहा वाजता त्याचा सामना असतो.

हे चित्र कुठल्या एका मैदानाचे नाही. वजनाची मर्यादा असलेल्या प्रत्येक खेळात ते दिसते. कबड्डीत मात्र त्याची चर्चा क्वचितच होते. बोनस रेषेवर, तिसऱ्या चढाईच्या नियमावर, मॅट की माती यावर तासन्‌तास वाद रंगतात. नियमात बदल सुचवायचा झाला तर महाविद्यालयीन कबड्डीत पहिला बदल या काट्याच्या नियमात व्हायला हवा. कारण बाकीचे नियम गुण ठरवतात, हा नियम तब्येत ठरवतो.

नियम कुठे अपुरा पडतो

कबड्डीचे नियम कधीच दगडावरची रेघ नव्हते. हुतूतू म्हणून गावोगाव आपापल्या पद्धतीने चाललेल्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातल्या जाणत्यांनी लेखी नियम दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. माती जाऊन मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. प्रत्येक बदलाच्या वेळी 'खेळाचा आत्मा गेला' असे म्हणणारे होते. खेळ मात्र वाढतच गेला.

वजनमर्यादा हाही असाच एक नियम. राष्ट्रीय पातळीवर वरिष्ठ पुरुषांसाठी ८५ किलो आणि वरिष्ठ महिलांसाठी ७५ किलो ही कमाल मर्यादा आहे. वीस वर्षांखालील गटात मुलांसाठी ती ७० आणि मुलींसाठी ६५ किलो आहे. महाविद्यालयीन खेळाडू दोन्हीकडे असतो. महाविद्यालयाकडून तो वरिष्ठांच्या मर्यादेत खेळतो आणि जिल्हा संघाकडून वीस वर्षांखालील गटात.

मर्यादेमागचा हेतू चांगला आहे. कबड्डी हा धडकेचा खेळ आहे. शंभर किलोच्या मुलाने साठ किलोच्या चढाईपटूवर झेप घेतली तर गुडघा, घोटा, मान, काहीही जायबंदी होऊ शकते. त्यामुळे मर्यादाच काढून टाका, ही सूचना वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखी नाही. अडचण आहे ती वेगळीच. वजन किती असावे हे नियम सांगतो, पण ते कोणत्या मार्गाने गाठले हे विचारत नाही.

कुस्तीत अनेक गट असतात. ज्याला ६५ किलोत बसता येत नाही तो वरच्या गटात उतरू शकतो. कबड्डीत एका वयोगटाला एकच छत आहे. छतावर गेला तो थेट बाहेर. त्यामुळे संघातल्या एक-दोन मुलांवरच हे संकट येते आणि ती मुले बहुधा संघाचा कणा असतात. बाकीच्यांना त्याची झळ नसते, म्हणून ती कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

एक साधे गणित पाहा. एकोणीस वर्षांच्या, सहा फूट उंचीच्या मुलाचे वजन ७६ किलो असेल, तर त्याचा बॉडी मास इंडेक्स २२.७ येतो. भारतीयांसाठी २३ पर्यंतचा आकडा निरोगी मानला जातो. म्हणजे त्या मुलात एक किलोही फाजील नाही. तरीही ७० च्या गटात खेळायचे तर त्याला सहा किलो घालवावे लागतात. चरबी फारशी नाही, स्नायू चार दिवसांत कमी होत नाहीत, मग घालवायचे काय? उरते फक्त पाणी.

पाणी घालवले की शरीरात काय होते

सत्तर किलोच्या तरुणाच्या शरीरात साधारण बेचाळीस लिटर पाणी असते. ऐकायला भरपूर वाटते. पण रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटर. घाम गाळून वजन उतरवताना हा छोटा साठा लवकर आटू लागतो. रक्त कमी पडले की हृदयाला तेवढेच काम करायला जास्त वेळा धडधडावे लागते. त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते, घाम मंदावतो आणि शरीराची उष्णता बाहेर टाकण्याचा मार्गच अरुंद होतो.

वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, म्हणजे सत्तर किलोच्या मुलाचे दीड किलोच्या आसपास, तरी दम लवकर लागतो. चार-पाच टक्क्यांवर चक्कर, पेटके, चिडचिड आणि लक्ष न लागणे सुरू होते. अशा मुलाला उन्हात किंवा पत्र्याच्या शेडखाली चाळीस मिनिटांचा सामना खेळायला लावला तर शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊ शकते. त्यालाच श्रमजन्य उष्माघात म्हणतात. स्नायू झिजून त्यातले घटक रक्तात उतरले की लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. पोटॅशियमचे गणित बिघडले तर हृदयाचा ठोका चुकू शकतो.

सोलापूर जिल्ह्यात ही भीती पुस्तकी नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबरचे ऊन मात्र गृहीत धरले जाते, आणि पहिल्या सत्रातल्या अनेक स्पर्धा त्याच सुमारास येतात.

काही मुले याहून पुढे जातात. 'पाणी काढायच्या' गोळ्या औषधाच्या दुकानातून आणल्या जातात. त्या उच्च रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असतात. त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर टाकतात. फ्युरोसेमाइडसारखी ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. म्हणजे तब्येत तर जातेच, पण चाचणी झाली तर खेळही जातो. जुलाबाच्या गोळ्यांनीही तब्येतीचे नुकसानच होते.

वजन झाल्यावर 'एक सलाईन लावून घे' हा सल्लाही सर्रास मिळतो. सलाईन म्हणजे ताकद, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. रुग्णालयातील उपचाराचा भाग नसेल तर बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे हेही उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहे. आणि पाणी भरून निघायला वेळ लागतोच. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव, तेही मिठासह, काही तासांत घोट घोट घ्यावे लागते. स्नायूंतला साखरेचा साठा पूर्ववत व्हायला जवळजवळ एक दिवस जातो. सात वाजता वजन आणि दहाला सामना, एवढ्यात हे होत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिने वजनासाठी उपास धरला तर पाळी अनियमित होणे, हाडे कमकुवत होणे, पायाच्या हाडांना बारीक चिरा पडणे असे त्रास सुरू होतात. ती मुलगी कोणाला काही सांगत नाही. क्रीडाशिक्षकाला 'कामगिरी घसरली' एवढेच दिसते.

दुसऱ्यांनी कोणती किंमत मोजून शिकले

वजन उतरवण्याच्या नियमात महाविद्यालयीन पातळीवर मोठा बदल झाला तो अमेरिकेत, आणि तो तीन तरुणांच्या मृत्यूनंतर झाला. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९७ मध्ये, जेमतेम पाच आठवड्यांत, उत्तर कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतले तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. वये १९, २२ आणि २१. तिघांनीही पाणी तोडले होते आणि घाम न सुकू देणारे कपडे घालून गरम जागेत व्यायाम केला होता. आपल्याकडचा रेनकोट आणि तिथला रबरी सूट यांत फरक फक्त किमतीचा आहे.

तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने काही आठवड्यांत नियम बदलले. रबरी सूट, वाफेच्या खोल्या आणि पाणी काढणारी औषधे यांवर बंदी आली. वजन आदल्या दिवशी न घेता सामन्याआधी एक-दोन तासांवर आणले. प्रत्येक गटात सात पौंड, म्हणजे तीन किलोंहून थोडी जास्त सूट दिली. पुढच्या हंगामापासून प्रत्येक मल्लाचे किमान वजन हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवले जाऊ लागले. लघवीची घनता तपासून शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री करायची, चरबी मोजायची आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नाही. कुस्ती बंद पडली नाही, तिची चुरसही कमी झाली नाही.

आपल्याला काट्याची निर्दयता समजली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाट ५० किलो गटात शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर वजन उतरवण्याचे प्रयत्न झाले होते. देशभर हळहळ झाली ती हुकलेल्या पदकासाठी. त्या रात्री एका खेळाडूच्या शरीराने काय सोसले, याची चर्चा मात्र दोन दिवसांत विरली. तिच्याभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिजिओ यांचा ताफा होता. तालुक्याच्या मैदानावर रेनकोट घालून पळणाऱ्या मुलाभोवती कोण असते?

काय बदलता येईल

राष्ट्रीय वजनमर्यादा बदलणे तालुक्याच्या किंवा विद्यापीठाच्या हाती नाही. पण वजन कधी, कसे आणि कोणत्या अटींवर घ्यायचे, याची आरोग्याची शिस्त आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपुरती आणता येईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आपल्या स्पर्धांत ती सुरू केली तर इतरांना वाट दिसेल. बदल चार असावेत आणि ते एकत्र असावेत.

पहिला, हंगामाच्या सुरुवातीची नोंद. जुलैमध्ये, मूल पोटभर जेवत-पीत असताना, त्याचे वजन, उंची आणि लघवीची घनता नोंदवावी. घनता १.०२० पर्यंत असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे. ती पाहण्याचे हातात मावणारे उपकरण एका महाविद्यालयाला जड जाऊ नये. त्यानंतर आठवड्याला दीड टक्क्यांपेक्षा जास्त घट मान्य नाही, हा नियम. ७३ किलोच्या मुलाला सत्तरवर यायला तीन आठवडे लागतील. ७६ च्या मुलाला सहा आठवडे लागतील, आणि तो आधीच सडपातळ असेल तर डॉक्टरांनी त्याला तसे स्पष्ट सांगावे. त्याने कनिष्ठ गटाचा नाद सोडून ८५ किलोच्या गटात खेळावे.

दुसरा, सामन्याजवळचे वजन. पहिल्या सामन्याआधी दोन तासांच्या आत वजन घ्यावे आणि एक किलोची सूट द्यावी. स्पर्धा अनेक दिवस चालणार असेल तर वजन रोज घ्यावे. यावर आक्षेप रास्त आहे. वजन सामन्याजवळ आणले तर मुले कोरड्या अंगानेच मॅटवर उतरतील. म्हणूनच हा बदल एकटा आणू नये. पहिल्या नोंदीशी जोडला तरच तो उपयोगी. लघवीच्या तपासणीआधी भरपूर पाणी पिऊन फसवता येते हेही खरे. पण जुलैपासूनच्या नोंदी समोर असतील तर दोन दिवसांत चार किलो गेलेले लपत नाहीत.

तिसरा, स्पष्ट बंदी. रेनकोट किंवा प्लास्टिक घालून पळणे, वाफ घेणे, पाणी काढायच्या आणि जुलाबाच्या गोळ्या, वजनानंतरची सलाईन, हे सगळे नियमपुस्तकात नावानिशी लिहावे. आणि शिक्षा केवळ खेळाडूला नको. मुलगा हे स्वतःच्या बुद्धीने करत नाही. त्याला पळायला सांगणाऱ्या प्रशिक्षकाला आणि संघ व्यवस्थापकालाही जबाबदार धरावे.

चौथा, मैदानावरची तयारी. भर दुपारचे सामने टाळावेत. पाण्यासाठीची विश्रांती पंचांनी सक्तीची करावी. पाण्याने भरलेली एक मोठी टाकी आणि बर्फ हाताशी असावा. खेळाडू बडबडू लागला, गोंधळला, अडखळला किंवा कोसळला, तर घाम येत असला तरी उष्माघात समजावा. १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये, त्याला लगेच गार पाण्यात बसवावे. डोके पाण्यावर धरावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर आहे. पहिल्या अर्ध्या तासातली थंडाई त्या प्रवासापेक्षा मोलाची असते. आधी गारवा, मग गाडी, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला पाठ असावे.

'आम्ही पण असेच खेळलो'

जुने खेळाडू म्हणतील, आम्ही पण असेच वजन उतरवले, कोणाला काही झाले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मृत्यू दुर्मीळच असतो. अमेरिकेतही ही पद्धत पिढ्यानपिढ्या चालू होती आणि बहुतेक मल्ल सुखरूप घरी जात. पाच आठवड्यांत तीन तरुण गेले तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. ज्यांना काही झाले नाही तेच गोष्ट सांगायला उरतात, हा या युक्तिवादातला दोष आहे. शिवाय मरण हाच एक निकष का असावा? पेटके येऊन अर्ध्यात सुटलेला सामना, थकलेल्या पायामुळे निखळलेला गुडघा, मूत्रपिंडांवर आलेला ताण, हे कुठल्याच गुणपत्रकात लिहिले जात नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. प्रत्येक संघामागे मोजकीच मुले मर्यादेच्या काठावर असतात. काठापासून पाच किलोंच्या आत असलेल्यांचीच बारकाईने नोंद ठेवली तरी काम भागेल. त्यासाठी नवे खाते लागत नाही. शारीरिक शिक्षण संचालकांची एक वही आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक दिवस पुरतो.

वजन खरोखर कमी करायचे असेल तर त्याचा मार्ग घरातूनच जातो. ज्वारीची भाकरी, उसळ, डाळ, दही, अंडी, ताजी भाजी हे ठेवावे. शीतपेये, वडापाव, भजी, बेकरीचे पदार्थ सोडावेत. आपली शेंगाचटणी पौष्टिक आहे, पण तिच्यात तेल आणि उष्मांक भरपूर, म्हणून ती चमच्याने मोजून खावी. पाणी मात्र कधीच तोडू नये. आईवडिलांनीही लक्ष ठेवावे. स्पर्धेच्या आधी मुलगा ताटावरून उठतो, पाणी नको म्हणतो, लघवी गडद होते, भर उकाड्यात जाड कपडे घालून पळतो, ही जिद्दीची नव्हे, धोक्याची लक्षणे आहेत.

विद्यापीठाचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. समित्या बसतील, मसुदे फिरतील. या हंगामात एक गोष्ट मात्र कोणाच्याही परवानगीशिवाय करता येते. काट्याजवळ बसलेल्या शिक्षकाने आकडा वाचण्याआधी समोरच्या मुलाला विचारावे, "शेवटचे पाणी कधी प्यायलास?" उत्तर 'काल रात्री' असे आले, तर काटा काहीही दाखवो, त्या सकाळी त्याला मॅटवर उतरवू नये. एक सामना हरेल. तो मुलगा मात्र पुढच्या वर्षीही खेळायला येईल.